पंख्याखालची रांग

तांडापेठेतल्या आमच्या शाळेत शिरलं की
उजव्या भिंतीवर पाच मूल्यं,
निळ्या ऑइलपेंटमध्ये.
पेंटरने समतेचा ‘स’ एवढा मोठा काढला
की ‘ता’ला ओळीत जागाच उरली नाही.
तो खाली, नळाशेजारी, एकटा उभा आहे.
पोरं ओले हात त्याच्यावरच झटकतात.

मी तिसरीला शिकवते.
पट चौतीस, पंखे दोन,
त्यातला एक दोन वर्षांपासून
फक्त चिमण्यांच्या कामाचा.
एप्रिलमध्ये शाळा सकाळची होते,
तरी नऊला पत्रा तापतो,
शेजारच्या मागांची खटखट
उन्हाचीच वाटायला लागते,
दप्तरात वहीबरोबर एक कांदा असतो
आणि पाढे म्हणता म्हणता आवाज वितळतात.

लोकशाहीचा धडा नेमका त्याच आठवड्यात आला.
म्हटलं, वाचायचा कशाला, करूनच पाहू.
प्रश्न: पंख्याजवळ कोणी बसायचं?
मतपेट्या: चपलांचे तीन खोके.
मतं: चिंचोके, प्रत्येकी एक.
मधल्या रांगेला चौदा, भिंतीकडच्या रांगेला अकरा,
खिडकीकडच्यांना आठ.
एक मत कमी भरलं.
ते सुगत रामटेकेच्या गालात होतं,
विचार करता करता त्याने चोखायला घेतलेलं.

मी फळ्यावर ‘बहुमत’ लिहिलं, खाली दोन रेघा ओढल्या.
मधली रांग पंख्याकडे सरकली.
तेवढ्यात रेणू हेडाऊ उभी राहिली,
खिडकीच्या उन्हात, एक डोळा मिटून:
‘बाई, जे हरले त्याइले गरमी होत नाही काय जी?’

शिक्षक मार्गदर्शिकेत हे नव्हतं.
मी तिला म्हटलं, खाली बस.
तिला नसेल आठवत. मला आठवतं.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेआधीच
बाकं ओढल्याचा आवाज.
जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर तक्ता,
पट्टी न घेता मारलेल्या रेघा:
सोमवार खिडकी, मंगळवार मधली, बुधवार भिंत.
आणि गुरुवारच्या चौकटीत, ऱ्हस्व ‘इ’ काढून:
बाइ.

तेव्हा मी मान वर केली.
पंखा माझ्या टेबलावर होता.
बरोबर वर. सहा वर्षं.
सगळे त्याच्या ‘जवळ’ बसण्यासाठी मतं टाकत होते
आणि चिंचोके मोजताना
कपाळावर वारा माझ्याच होता.

मग मी टेबल उचलायला लावलं.
खिडकीशी बसून हजेरी घेतली तर
पहिल्या दिवशी डावा हात भाजला,
दुसऱ्या दिवशी रेणू एक डोळा का मिटते ते कळलं.
तिथून नळ दिसतो.
‘ता’ही दिसतो. नेहमी ओला.

मधेच निरीक्षक साहेब येऊन गेले.
शिक्षकाचं टेबल कुठे, त्यांनी विचारलं,
चौतीस बोटं चार दिशांना गेली.
त्यांनी शेरा लिहिला: बैठकव्यवस्था विस्कळीत.
मूल्यांच्या भिंतीपाशी फोटो काढला आणि गेले.

परवा गुरुवार. माझी पाळी.
टेबल आणलं, पदर सावरला, खडू घेतला,
आणि लाइन गेली.
मागही एकदम थांबले.
इतकी शांतता की पोरांचा घाम ऐकू यावा.

पुढच्या बाकावरची दोघं-तिघं म्हणाली,
‘बाई, उद्या तुम्हीच बसा न.’
मी हो म्हणणार, खरंच म्हणणार होते,
तर मागून मुजम्मिल उठला:
‘काहून? सोमवारी आमची पाळी गेली,
तवा आमाले कोणी देल्ली काय?’

वर्ग माझ्याकडे पाहू लागला.
मी तक्त्याकडे पाहिलं.
उद्या शुक्रवार. पुन्हा खिडकी.
‘नाही देल्ली,’ मी म्हटलं,
आणि अंधाऱ्या वर्गात
सतराचा पाढा सुरू केला.